आस

शांघायच्या फूशिंग पार्कमध्ये सकाळी सात-साडेसातला गेलं की एकाच वेळी पाच-सहा प्रकारचं संगीत कानावर येतं. एका कोपऱ्यात स्पीकरवर वॉल्ट्झ लावून जोड्या नाचत असतात, दुसरीकडे कुणी जुनी क्रांतिगीतं म्हणत असतं, आणि चिनाराच्या कुळातल्या उंच झाडांखाली, सगळ्यांपासून जरा बाजूला, एक आजोबा घडीच्या स्टुलावर बसून अरहू वाजवत असतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं तिथे होतो. मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की मी थेट पार्कात जायची. मिरजेत लहानपणापासून व्हायोलिन शिकले. गजाचं वाद्य दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात.

दोन महिने नुसतं ऐकत बसल्यावर एक दिवस त्यांनी वाद्य माझ्या हातात दिलं. मी त्यांना लाओशी म्हणायची, म्हणजे गुरुजी. माझी चिनी भाषा भाजी आणण्यापुरती आणि त्यांना इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे आमचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक बोटांनीच.

अरहूला दोनच तारा. गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे गज वाद्यापासून वेगळा काढताच येत नाही. बाहेरच्या अंगाला दाबला की एक तार बोलते, आतल्या अंगाला दाबला की दुसरी. खाली लहानसा लाकडी डबा, त्याच्या तोंडावर अजगराचं कातडं ताणून बसवलेलं. हे सगळं बघून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की डाव्या हाताचं बोट तारेवर ठेवल्यावर खाली काहीच लागत नाही. व्हायोलिनला फिंगरबोर्ड असतो. बोट तार दाबतं आणि लाकडावर टेकतं. इथे लाकूडच नाही. बोट तारेसकट हवेत. जरा जास्त दाबलं तर स्वर चढतो, जरा सैल सोडलं तर उतरतो. पायरीवर पाऊल टाकावं आणि पायरी मऊ निघावी, तसं काहीसं वाटलं. पण पाचच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की माझ्या गुरुजींनी वीस वर्षं जे माझ्या बोटांत घालायचा प्रयत्न केला, ते या वाद्यात जन्मतःच आहे.

मी भूप वाजवला. दुसरं काय वाजवणार! सा, रे, ग, प, ध. चिनी संगीतातले मूळचे पाच स्वर नेमके हेच. लाओशींचा चेहरा उजळला, त्यांना वाटलं मी त्यांचंच काही वाजवतेय. मग मी गंधारावरून पंचमावर मींड घेतली, सावकाश, मधली सगळी वाट दाखवत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, वाद्य घेतलं आणि तेच दोन स्वर वाजवले. त्यांचा गंधार शेवटपर्यंत स्थिर राहिला आणि निघता निघता एकदम उचलला गेला. पंचमावर ते खालून, किंचित उशिराने पोचले. ‘हुआ-यिन’, ते म्हणाले. हुआ म्हणजे घसरणं, यिन म्हणजे नाद. मी म्हटलं, ‘मींड’. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

पाच स्वर तेच. त्या दोन स्वरांच्या मधली वाट मात्र त्यांची वेगळी, माझी वेगळी. चिनी आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणाऱ्या रचना त्यानंतर मी वर्षानुवर्षं ऐकत आले, आणि प्रत्येक वेळी कान तिथेच जातो. चाल कुठली आहे याच्याशी मला फारसं कर्तव्य उरलेलं नाही. स्वर सुटल्यावर त्याचं काय होतं, ते मी ऐकते.

त्या पार्कापासून चालत जाण्याच्या अंतरावर लायसियम नावाचं १९३१ सालचं नाट्यगृह आहे. २७ मे १९५९ या दिवशी तिथे ‘ल्यांग-चू’ हा व्हायोलिन कन्चर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, पहिल्यांदा वाजला. जगभर तो ‘बटरफ्लाय लव्हर्स’ या नावाने ओळखला जातो. रचनाकार दोन, हे चानहाव (यातलं ‘हे’ म्हणजे त्याचं आडनाव) आणि चेन गांग, दोघेही शांघाय कॉन्झर्वेटरीचे विद्यार्थी. व्हायोलिन वाजवणारी यू लीना त्यांच्याच कॉलेजची, वय अठरा. तो काळ माओच्या ‘मोठी झेप’ या औद्योगिक मोहिमेचा होता; गावोगाव भट्ट्या लावून पोलाद गाळलं जात होतं. क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी विद्यार्थ्यांनी जे विषय सुचवले त्यांत पोलाद होतं, स्त्रियांचं सशस्त्र दल होतं, आणि शेवटी ही जुनी प्रेमकथा. कॉन्झर्वेटरीतले पक्षाचे चिटणीस मंग बो यांनी खूण केली ती प्रेमकथेवर. त्या एका खुणेसाठी मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

कथा आपल्या लोककथांच्या जवळची आहे. चू यिंगथाय ही मुलगी शिकायला मिळावं म्हणून मुलाचा वेश करून पाठशाळेत जाते. ल्यांग शानबो तिच्याबरोबर तीन वर्षं शिकतो, ती मुलगी आहे हे त्याला कळत नाही. कळतं तेव्हा तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं. तो झुरून मरतो. तिची वरात त्याच्या थडग्याजवळ येते, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते, आणि आतून दोन फुलपाखरं बाहेर पडतात.

हे चानहाव कॉन्झर्वेटरीत येण्याआधी च-च्यांग प्रांतातल्या एका युए-ज्यू मंडळीत काम करत होता. युए-ज्यू ही त्या भागातली संगीत-नाटकाची परंपरा, आणि शांघायमध्ये ती फोफावली ती मुख्यतः सगळी पात्रं बायकांनीच करणाऱ्या मंडळ्यांमुळे. पुरुषाचं कामही बाईच करणार. आपल्याकडे बालगंधर्वांनी जे केलं त्याच्या बरोबर उलट. या मंडळ्यांत गाणारीच्या मागे हूछिन घराण्यातलं, म्हणजे अरहूच्याच कुळातलं, गजाचं वाद्य सावलीसारखं चालतं; ती श्वास घेते तिथे ते श्वास घेतं. हे चानहाव आणि त्याचे मित्र व्हायोलिन घेऊन खेड्यांत वाजवायला जायचे, तेव्हा लोक ऐकून घ्यायचे, पण काय वाजतंय ते त्यांना कळायचं नाही. त्यातून या पोरांनी एक गट काढला आणि ठरवलं की व्हायोलिनला चिनी बोलायला शिकवायचं. युए-ज्यूच्या चाली तर त्यांनी घेतल्याच. पण खरं काम डाव्या हातावर केलं. पाश्चात्त्य पद्धतीत हात एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा असेल तर मधला प्रवास शक्यतो ऐकू येऊ द्यायचा नाही, असं शिकवतात. यांनी तो प्रवास मुद्दाम ऐकवला. एकच बोट तारेवर ठेवून सरकायचं, अरहूवर सरकतं तसं.

थडग्याजवळचा भाग मी अनेकदा मागे नेऊन ऐकला आहे. चिनी नाटकात एक प्रकार आहे. वाद्यवृंद मागे घाईघाईने ठेका धरतो आणि गाणारी मात्र त्यावरून सावकाश, लयीच्या बंधनाबाहेर जाऊन गाते. जलद साथीवर विलंबित आक्रोश. कन्चर्टोत ठेका लाकडी चिनी तालवाद्यावर वाजतो, साथ पाश्चात्त्य वाद्यवृंदाची, आणि त्यावर एकटं व्हायोलिन रडतं. रडतं हा शब्द मी जपून वापरते. पण तिथे गज तारेवर ज्या तऱ्हेने अडकत अडकत चालतो, त्याला दुसरा शब्द नाही. पहिल्या प्रयोगाला लोक उठून जाईनात, तेव्हा यू लीनाने सबंध कन्चर्टो पुन्हा एकदा वाजवला. सुमारे पंचवीस मिनिटांची रचना, पुन्हा पहिल्यापासून.

या रचनेतलं सगळंच मला तेवढं आवडत नाही. चाल जिथे संपूर्ण वाद्यवृंद उचलतो, सगळी व्हायोलिनं एकसुरात आणि खाली भरघोस स्वरसंघात (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर), तिथे मला एकोणिसाव्या शतकातलं युरोप ऐकू येतं आणि चीन मागे सरकतो. पन्नास हातांनी एकच मींड घेता येत नाही. प्रत्येकाची वाट सूतभर वेगळी असते, म्हणून ती गुळगुळीत करून टाकावी लागते. शिवाय आपल्याकडे व्हायोलिन आलं तेव्हा आपण आणखी पुढे गेलो. आपण जमिनीवर बसलो, वाद्याचं टोक पायावर टेकवलं, म्हणजे डावा हात वाद्याचा भार पेलण्यातून सुटला आणि तारेवर वर-खाली धावायला मोकळा झाला. तारासुद्धा आपल्या षड्ज-पंचमाला लावून घेतल्या. शांघायच्या त्या मुलांनी धरण्याची पद्धत आणि तारांची जुळणी दोन्ही पाश्चात्त्य ठेवली आणि तेवढ्या मोकळीकीत जे साधलं ते साधलं. दोन्ही रस्ते मला मनापासून समजतात.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. अरहूमधल्या ‘हू’चा अर्थच मुळात उत्तरेकडचे परके लोक, ते वाद्य बाहेरून येऊन चिनी झालं. बिजिंगमध्ये व्हायोलिन शिकलेल्या ल्यू थ्येनह्वा यांनी १९२० च्या दशकात व्हायोलिनची शिस्त अरहूला लावली. बोटांच्या ठरीव जागा, कंपन, सरावाचे पाठ. एकट्या अरहूसाठी त्यांनी दहा रचना केल्या, आणि १९३२ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी ते गेले. तोवर भिकाऱ्याचं आणि नाटकातल्या साथीचं समजलं जाणारं वाद्य मैफलीत आलं. म्हणजे आधी अरहू व्हायोलिनकडे शिकायला गेलं आणि ल्यू गेल्यानंतर सत्तावीस वर्षांनी व्हायोलिन अरहूकडे.

पुढचा काळ वाईट आहे आणि तो मी इथे लांबवत नाही. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे जुनं ते सगळं पुसून टाकायला माओने काढलेल्या मोहिमेत, ‘ल्यांग-चू’वर बंदी आली, वाद्यं फुटली, शिक्षकांचे हाल झाले. पियानो हे बुर्झ्वा वाद्य ठरलं. १९६७ मध्ये यिन चंगझोंग या तरुण पियानोवादकाने थ्येनआनमन चौकात पियानो नेऊन लोकांसमोर वाजवला, आणि दोन वर्षांनी ‘यलो रिव्हर’ हा पियानो कन्चर्टो तयार झाला. तो एका समितीने रचला, १९३९ च्या एका समूहगानावरून. मोठा आवाज, मोठी लाट. त्या दिवसांत पियानो जिवंत ठेवायला तो कामी आला हे मान्य. पण पियानोची पट्टी दाबली की स्वर सुटला, आता तो वळणार नाही. आपल्याकडे पेटीला याच कारणाने आकाशवाणीवर १९४० ते १९७१ बंदी होती. त्या कन्चर्टोत चाल चिनी आहे, अंगरखा युरोपियन आहे, आणि दोघांची एकमेकांशी ओळख झालेली नाही असं मला ऐकताना सतत वाटतं.

नेमकी हीच गोष्ट एका चिनी तरुणाला फार आधी, एका शब्दात ऐकावी लागली होती. चौ वेन-चुंग १९२३ साली शानतुंग प्रांतात जन्मला, युद्धाच्या धामधुमीत सिव्हिल इंजिनिअर झाला, १९४६ मध्ये येल विद्यापीठात आर्किटेक्चर शिकायला म्हणून अमेरिकेत गेला आणि ती शिष्यवृत्ती सोडून संगीताकडे वळला. घरून मिळणारा आधार नाही, देशात यादवी, आणि हा बोस्टनमध्ये फ्यूग हा पाश्चात्त्य रचनाप्रकार लिहायला शिकतोय. एक दिवस त्याने चिनी पाच स्वरांवर बेतलेला स्वतःचा फ्यूग बोहुस्लाव मार्टिनू या चेक रचनाकाराला नेऊन दाखवला. मार्टिनू पियानोवर वाजवायला लागले, थोड्या वेळाने थांबले, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “का?”

चौकडे उत्तर नव्हतं. ही आठवण तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. त्या ‘का’मध्ये तुच्छता नव्हती असं मला वाटतं. पाश्चात्त्य फ्यूगचा प्राण असा, की एक स्वरवाक्य निघतं, मग दुसरा आवाज तेच घेऊन निघतो, आणि स्वरांची आपापसांतली ओढाताण रचना पुढे नेते. ज्या स्वरांत ही ओढाताण मुळातच सौम्य आहे, त्यांना त्या यंत्रात घातलं तर यंत्र फिरतं खरं, पण दळलं काहीच जात नाही.

चौ न्यूयॉर्कला एदगार वारेझ यांच्याकडे शिकायला गेला. हातातल्या फ्यूगपेक्षा आवाजाकडेच आवाज म्हणून बघणारा तो माणूस. आणि त्याच सुमाराला, १९५० च्या दशकात, चौ आपल्याच परंपरेकडे परत गेला, गुचिन हे जुनं चिनी तंतुवाद्य अभ्यासू लागला.

गुचिन मी एकदाच अगदी जवळून ऐकली, शांघायमध्ये, एका ओळखीच्या बाईंच्या घरी, जेमतेम आठ माणसं बसतील अशा खोलीत. सुमारे चार फूट लांब, काळपट लाखेचं लाकूड. सात तारा. तारांखाली पडदे नाहीत. कडेने शिंपल्याचे तेरा ठिपके बसवलेले, तेवढ्या खुणा. बाईंनी उजव्या हाताने तार छेडली. आवाज इतका लहान की रस्त्यावरच्या स्कूटरने तो पुसला गेला असता. मग डाव्या हाताचा अंगठा तारेवर सरकू लागला, वर, पुन्हा खाली, जागच्या जागी किंचित हलत. नाद विरत चालला होता आणि अंगठा थांबत नव्हता. शेवटी स्वर संपला, उरली फक्त तारेवर कातडी घासल्याची सूं अशी कुजबूज. त्या कुजबुजीतसुद्धा चाल चालूच होती. खोलीतले सगळे तेच ऐकत होते. सतार वाजवणारे आपल्याकडे तारेच्या रेंगाळणाऱ्या नादाला आस म्हणतात. आस संपल्यानंतरचीही आस असते, हे मला त्या दिवशी कळलं.

गुचिनची लिपी तर विलक्षण आहे. एकेका खुणेत चार-पाच अक्षरांचे तुकडे रचलेले: डावं बोट कुठलं, ते कुठल्या ठिपक्याशी, उजव्या हाताने तार आत ओढायची की बाहेर, तार कितवी, आणि वाजल्यावर बोट हलवायचं तर कसं. जागच्या जागी बारीक हलवण्याला ‘यिन’ (नाद या अर्थाच्या ‘यिन’हून हा शब्द वेगळा), मोठ्या झोक्याला ‘नाव’. एवढं सगळं लिहितात, आणि स्वर किती वेळ धरायचा ते लिहीतच नाहीत. ते शिष्याने गुरूकडून घ्यायचं, नाहीतर जुनं पुस्तक समोर ठेवून महिनोन्‌महिने वाजवत स्वतः शोधायचं. पाश्चात्त्य नोटेशन याच्या बरोबर उलट आहे: किती वेळ ते अचूक, आणि स्वराच्या पोटात काय घडतं ते जवळजवळ नाहीच.

चौला इथे आपल्या ‘का’चं उत्तर सापडलं. एकेक सुटा स्वर हाच आशय आहे. त्याचा जन्म, त्याचं हलणं, रंग बदलणं, विरणं. मग पाश्चात्त्य वाद्यांना चिनी चाली वाजवायला लावण्याऐवजी त्याने त्यांना गुचिनचा अंगठा व्हायला लावलं. १९५७ ची त्याची ‘द विलोज आर न्यू’ ही एका जुन्या गुचिन-रचनेवरची पियानोची कृती. पियानोला स्वर वळवता येत नाही, तर त्याने मूळ स्वराला अगदी चिकटून असलेले कर्कश स्वर सोबत दिले. ते वेगळे ऐकू येत नाहीत, मूळ स्वर डागाळल्यासारखा, हलल्यासारखा वाटतो. पियानो लबाडी न करता आस धरतो. १९६५ च्या ‘यू को’मध्ये, म्हणजे ‘कोळ्याच्या गीता’त, नऊ वादक आहेत. त्यांत दोन ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोन म्हटलं की आपल्याला लग्नाची वरात आठवते. पण त्याची ती आत-बाहेर सरकणारी नळी म्हणजे पितळी मींडच की! दबक्या आवाजात ते सरकतात आणि व्हायोलिन त्यांना पुढे घेऊन जातं, तेव्हा त्या खोलीतला अंगठा मला डोळ्यांसमोर दिसतो. ती रचना मी कुणालाही ऐकवते तेव्हा पहिली दोन मिनिटं बोलू देत नाही.

पुढे चौ कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि तिथून त्याने जे केलं ते त्याच्या रचनांपेक्षाही मोठं असेल. १९७७ च्या अखेरीस चीनमध्ये प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. १९७८ मध्ये बिजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्वेटरीत रचना शिकायला जी तुकडी बसली तिच्यात तान दुन, चेन यी, चौ लोंग, चेन छिगांग, ग्वो वनचिंग अशी नावं आहेत. दहा वर्षं शेतात, खाणीत, नाटक मंडळ्यांत घालवून आलेली ही मुलं. त्यांतल्या कितीतरी जणांना चौने नंतर न्यूयॉर्कला आणलं. त्यांतल्या चौ लोंगला २०११ मध्ये ऑपेरासाठी पुलित्झर मिळालं.

तान दुनचं मला विशेष. हूनानच्या खेड्यातला मुलगा, भातलावणी केलेला. एका नाटक मंडळीची बोट बुडून बरेच वादक गेले म्हणून त्याला वादक म्हणून बोलावणं आलं, अशी त्याची सुरुवात. बीथोवनची पाचवी सिंफनी त्याने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पण गावातल्या अंत्यविधींचं, भगतांचं, पाण्याचं, दगडांचं संगीत त्याने त्याआधीच पोटभर ऐकलेलं होतं.

त्याची १९९४ ची ‘घोस्ट ऑपेरा’ क्रोनॉस क्वार्टेट ही वादकांची चौकडी आणि पिपा हे छेडून वाजवायचं चिनी तंतुवाद्य वाजवणारी वू मान यांच्यासाठी लिहिलेली आहे. चार व्हायोलिन कुळातली वाद्यं, एक पिपा, आणि त्यांच्याबरोबर पाणी, दगड, धातू, कागद. वादक जागा बदलतात, गातात, ओरडतात, पाण्यात हात घालतात. त्यात बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन रचनाकाराच्या एका प्रिल्यूडचा तुकडा येतो, आणि ‘श्याओ पाय-छाय’ येतं. उत्तर चीनमधलं हे लोकगीत आहे, लहानपणीच आई गेलेल्या पोरीचं. घरात सावत्र आई आली आहे. चाल अगदी छोटी, वरून खाली उतरत जाणारी, आपल्या एखाद्या ओवीएवढी. आता बाख आणि ही पोरकी पोर यांना जुळवायचं म्हटलं तर दुसरा कुणीही तिच्याखाली बाखच्या पद्धतीचे स्वरसंघात भरला असता. तान दुन तसं करत नाही. बाख दुरून येतो, मेलेल्या माणसाचा आवाज यावा तसा. ती पोर इकडून गाते. दोघं एकमेकांना ऐकतात. मध्ये पाणी ठिबकतं. ज्या विधीत जिवंत माणसं मेलेल्यांशी बोलतात, तो विधी त्याने लहानपणी बघितला होता, आणि बाख त्याला त्यातला एक पूर्वज वाटला. हे मला फार खरं वाटतं.

‘द मॅप’ची गोष्ट यालाच जोडून. १९८१ मध्ये पश्चिम हूनानच्या डोंगरांत तान दुनला दगड वाजवणारा एक म्हातारा भेटला. १९९९ मध्ये तो त्याला शोधत परत गेला. म्हातारा वारला होता, आणि त्याची विद्या दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मग त्याने त्या भागातल्या गायक-वादकांचं चित्रीकरण केलं आणि २००३ मध्ये बोस्टनला ‘द मॅप’ ही रचना सादर केली, ज्यात पडद्यावर म्याव जमातीची एक मुलगी गाते आणि रंगमंचावरचा चेलो तिला उत्तर देतो. तिच्याकडे सवाल-जवाबाची गाणी आहेत, डोंगराच्या या बाजूने त्या बाजूला फेकायची. पण चित्रातली मुलगी चेलोसाठी थांबू शकत नाही, तिला तो ऐकूच येत नाही. सगळी वाट चेलोने चालायची. योयो मा ते वाजवतो तेव्हा त्याच्या बोटांत तिच्या गळ्यातला तो शेवटचा उडता हेलकावा उतरलेला असतो. तान दुनच्या सिनेमातल्या गोड, रुंद चाली लोकांना जास्त ठाऊक आहेत. त्या मी एकदा ऐकल्या की मला पुरतात. या दोन रचनांकडे मात्र मी वर्षातून दोन-तीनदा तरी परत येते.

चौ वेन-चुंगबद्दल वाचताना एक गोष्ट हाती आली आणि मी पुस्तक मिटून उठून फेऱ्या मारायला लागले. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवायची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी तयार होत होती. चीनचं कुठलं संगीत घ्यावं, हे तबकडीचं काम बघणाऱ्या ॲन ड्रुयन यांनी फोन करून चौला विचारलं. त्याने क्षणाचा विलंब न लावता सांगितलं, गुचिनवरचं ‘ल्यू श्वे’. वाहतं पाणी. वादक ग्वान पिंगहू, जे १९६७ मध्येच वारले होते. साडेसात मिनिटांचं ते ध्वनिमुद्रण तबकडीवर आहे. आणि त्याच्या लगेच नंतर, पुढचीच चीज, केसरबाई केरकरांची भैरवी. ‘जात कहाँ हो’. ती जुनी रेकॉर्ड न्यूयॉर्कच्या एका भारतीय दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली होती. फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या. दुसरं यान निघून जेमतेम अकरा दिवस झाले होते.

मिरजेला परतल्यावर मी ते दोन्ही तुकडे तबकडीवरच्या क्रमाने एकामागून एक लावून ऐकले. गुचिनचा शेवटचा नाद विरतो. थोडी शांतता. आणि मग तो धारदार, भरलेला आवाज येतो. त्या शांततेत ग्वान पिंगहूंचा अंगठा अजून तारेवर आहे असं मला वाटत राहिलं.

ते दोन्ही तुकडे मी लाओशींना पाठवले. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. दोन दिवस काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, आमच्या साडेचारला, आवाजाचा एक छोटा संदेश आला, वीसेक सेकंदांचा. मागे पार्कातला वॉल्ट्झ अस्पष्ट ऐकू येत होता. लाओशी अरहूवर ‘जात कहाँ हो’चा मुखडा वाजवत होते. भैरवीचे कोमल स्वर त्यांच्या पाचांत नाहीत. कोमल रिषभावर बोट एकदा चुकलं, पुन्हा गेलं, तेही चुकलं. तिसऱ्यांदा ते खालून, किंचित उशिराने, हुआ-यिन घेत तिथे पोचलं आणि थांबलं.